पाचवी नळी

नुआदिबूच्या शाळेत रसायनशास्त्राचा तास
गाडीच्या मर्जीने चालतो.
झुएरातहून खनिज घेऊन ती आली,
की तिचं लांबलचक शेपूट संपेपर्यंत मी गप्प;
मुलं तेवढ्यात राहिलेला गृहपाठ उरकतात.
मग बाकावरून बोट फिरवावं तर तांबूस धूळ.
"हेच ते," मी म्हणतो, "लोखंड आणि ऑक्सिजन.
वाळवंटाने कोट्यवधी वर्षं जपलेला संसार,
भट्टीत नेऊन आपण मोडतो."
आणि खिडकीबाहेर, उपसागरात,
कुणी मालक न उरलेली जहाजं
तो संसार पुन्हा मांडत असतात.

फळ्यावर फ्रेंच, बाकांवर हसानिया,
आणि कपाटात कुलूपबंद रंग:
मोरचूद, निकेलचा हिरवा क्षार,
कोबाल्ट, दमट दिवशी गुलाबी;
पर्मँगनेटचे जांभळे खडे, ज्यांतला एक
गेल्या वर्षी सिदातीच्या पांढऱ्या दर्राआवर सांडला.
डाग संध्याकाळपर्यंत तपकिरी झाला.
मँगनीजने कपडे बदलले.
सिदातीकडे दुसरे नव्हते.

या धातूंचं एका आकड्यावर भागत नाही, हे मी असंच शिकवतो.
लोखंड कधी दोन देतं, कधी तीन;
दोन दिले की फिकट हिरवं, तीन दिले की मातकट.
क्रोमियम आधी स्वतःच हवेशी तडजोड करतं,
दिसणारही नाही इतकी पातळ,
आणि त्या तडजोडीला आपण स्टेनलेस म्हणतो.
शाळेची घंटाही एका पंख्याचं पातं आहे:
तांबं, त्यात थोडं ॲल्युमिनियम, थोडं निकेल.
समुद्रात तीस वर्षं फिरून
तिचा आवाज अजून खणखणीत.
जस्त रांगेच्या शेवटी.
आतली खोली गच्च भरलेली, अंगावर रंग नाही,
म्हणून पुस्तक त्याला पंक्तीला बसवत नाही.

चार नळ्या, चार खिळे.
एक कोरड्या हवेत, एक उकळलेल्या पाण्यात तेलाखाली,
एक नळाच्या पाण्यात, एक उपसागराच्या.
आठवड्याने चौथा खिळा ओळखू येईना.
लोखंडाचे चणे खावेत तर समुद्राने.

तेकबरने पाचवी नळी आणली, न सांगता.
पाणी तेच खारं, खिळा तसाच,
पण त्याला तारेने बांधलेला एक करडा तुकडा.
तिचा भाऊ सालेक जहाजं कापतो;
त्याने तो एका मासेमारी जहाजाच्या पोटाखालून
छिन्नीने काढला होता.
आठवडा गेला, दोन गेले.
तुकडा भुसभुशीत, पांढरा, कडेने कुरतडलेला.
खिळा, बाजारातून कालच आणल्यासारखा.

शुक्रवारी ओहोटीला मी सालेकबरोबर गेलो.
जहाजाच्या पोटावर जस्ताच्या ठोकळ्यांची रांग असते म्हणे;
मला फक्त बोल्ट दिसले,
प्रत्येकाभोवती पावाच्या चतकोराएवढा उष्टा धातू.
"खलाशी होते तोवर बदलायचे," सालेक म्हणाला,
"मग पगार थांबले."
पुढे तो काही बोलला नाही. मशाल पेटवली,
आणि मी डोळे फिरवले, कारण माझ्याकडे काळा चष्मा नव्हता.

परीक्षेत विचारलं:
लोखंडाआधी जस्त का झिजतं? दोन गुण.
वर्गाने विभव लिहिलं, उणे चिन्हासकट,
काहींनी चिन्ह विसरून.
तेकबरने लिहिलं:
ते आधी देतं. ते संपलं
की लोखंडाची पाळी येते, लोखंड सुटत नाही.
विभवाचा उल्लेख नाही.
मी एक गुण दिला. लाल पेन बराच वेळ
दुसऱ्या गुणाच्या जागेवर धरून बसलो,
तिथे एक ठिपका उमटला, तेवढंच.

नळी अजून खिडकीत आहे.
जस्ताच्या नावाने तळाशी पांढरा गाळ, आणि सैल झालेली तार.
काल खिळ्याच्या टोकाशी
मोहरीएवढं काहीतरी तांबूस दिसलं.
तेकबर पहिल्या बाकावर बसते; तिने पाहिलं का, माहीत नाही.
सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात काचा थरथरल्या.
गाडी.